उतारा कोण उचलणार

त्या रविवारी मी कचरा उचलायला जाऊ नये, असं यांचं म्हणणं होतं.

"एक रविवार घरी बसली तं काय बिघडून राहिलं?" हे म्हणाले. "दुसरे लोक आहेत ना."

"घरी बसून काय करू? भिंती पाहू?"

माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि सोमवारी समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाई आम्हाला सांगणार होत्या, गाठ साधी की दुसरी. 'दुसरी' हा शब्द आम्ही दोघांनी न ठरवता तयार केला होता. त्या रोगाचं खरं नाव आमच्या घरात कोणीच घेत नव्हतं. मुलगा बंगलोरला, त्याला काही सांगितलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही एकमेकांशी इतकं जपून बोलत होतो की माझा जीव गुदमरायचा. भाजी खारट झाली तरी हे मुकाट्यानं खात. मला भांडणारा नवरा चालतो. जपणारा नवरा पाहिला की वाटतं, आता काही खरं नाही.

म्हणून मी निघाले. हेही निघाले, कारण मी उचलायचं आणि यांनी पोत्याचं तोंड उघडं धरायचं, अशी आमची वाटणी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण न भांडता होणारं आमचं हे एकच काम.

हा रविवारचा उद्योग मीच लोकांच्या गळ्यात मारला होता. आमची वस्ती रायपुरात, तेलीबांध्याच्या तळ्याच्या अलीकडची, नवी नवी घरं, आणि घरं जितकी नवी तितकी माणसं खिडकीतून कचऱ्यानं भरलेली प्लास्टिकची पन्नी भिरकावण्यात तरबेज. मी खाली उभी राहून ओरडायचे. एकदा वरून कोणीतरी ऐकवलं, "आंटी, बोलना आसान है, उठाके दिखाओ." मला असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी पदर खोचला आणि उचलून दाखवलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही काही जण हातमोजे घालून, बारदान्याची पोती घेऊन निघतो. निम्मे मराठी, निम्मे बाकीचे. निघताना मी थोडं भाषणही देते, कारण आयुष्यभर शाळेत शिकवलंय आणि समोर चार माणसं उभी दिसली की राहवत नाही. रस्त्यावर टाकलेला कचरा संपत नसतो, तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो, हे माझं ठरलेलं वाक्य. लोक ते ऐकून घेतात आणि जांभया देतात.

त्या दिवशी थंडी होती. भाषण संपल्याबरोबर हे म्हणाले, "आज तळ्याच्या बाजूनं जाऊ. तिकडं लोकं लई घाण करून राहिले."

मला नवल वाटलं. हे कधी काही सुचवत नाहीत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी झाली, तिथेही यांचा आवाज कोणी ऐकला नसेल. पण माझा स्वभावच असा की कोणी डावीकडे म्हटलं की माझे पाय उजवीकडे वळतात. मी म्हटलं, आधी आपला चौक, मग तळं. यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मी ऐकलं नाही.

चौक म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार रस्ते मिळतात ती जागा. सकाळची वेळ, दुकानं बंद. आमच्या पुढे बँकेतून रिटायर झालेले एक भाऊजी होते. ते नेहमी काठी घेऊन पुढे चालतात आणि कचरा दाखवतात, उचलत नाहीत. ते अचानक थांबले आणि काठी आडवी धरून त्यांनी आम्हाला अडवलं.

चौकाच्या मधोमध सरईच्या झाडाच्या पानांचा दोना, म्हणजे द्रोण, होता. त्यात कुंकू लावलेलं लिंबू, लाल मिरच्या, मीठ, मोहरी, विझलेली पणती आणि कापडात गुंडाळलेली बोटभर बाहुली.

"उतारा होय," भाऊजी म्हणाले. "काल शनिवार होता. हात नका लावू कोणी."

सगळ्यांचे आवाज एकदम खाली आले. दारूच्या बाटल्या, लहान मुलांचे लंगोट, मेलेला उंदीर, सगळं हसत उचलणारी ही माणसं. दोन्याभोवती अंतर ठेवून सगळे असे उभे राहिले, जसा काही त्यात साप बसला होता. आमच्या वरच्या मजल्यावरची सून, मराठीच, पण बोलते हिंदीत, तिनं ओढणी आवरून घेतली. "आंटी, साइड से निकल लेते हैं ना. मेरे घर में छोटा बच्चा है."

"अहो, पण हा चौक आपण साफ करून राहिलो की नाही?" मी म्हटलं.

"वहिनी, बाकी सगळं साफ करू. हे राहू द्या." भाऊजींनी घड्याळ पाहिलं. "आता येईलच ना झाडूवाली दीदी. ती उचलते. त्या लोकांले काही होत नाही."

त्या लोकांले काही होत नाही! माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. ती दीदी रोज सकाळी आमचा चौक झाडते, पोटाशी बाळ होतं तेव्हाही झाडत होती. "काहून?" मी विचारलं. "तिचं अंग काय लोखंडाचं आहे?"

मी हातमोजे वर ओढले. आता खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती. इतर कुठल्याही रविवारी मी तो दोना उचलून पोत्यात टाकला असता आणि वर दोन विनोद केले असते. पण सोमवार उद्यावर आला होता. उतारा उचलणाऱ्याच्या अंगावर दुसऱ्याची पिडा येते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं, आणि त्या क्षणी ते सगळं आठवलं. मला एकच कळत होतं. आज मी बाजूनं गेले, तर ह्या गोष्टीवर माझा विश्वास आहे असं होईल. आणि एकदा विश्वास ठेवला की मग रात्रभर पाल चुकचुकली तरी मी मेले. म्हणून मी वाकले.

"हात नको लावू!"

आवाज यांचा होता. इतका मोठा आवाज मी यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. सगळे वळून पाहू लागले. पोतं खाली पडलं होतं आणि हे माझ्याकडे झपझप येत होते.

"तू सरक. मी उचलतो."

"तुम्ही पण?" मी म्हटलं.

मला भयंकर राग आला. मांजर आडवं गेलं तर 'तिलेही काही काम असंल' म्हणून पुढे चालणारा हा माणूस. माझी आई मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढायची, तेव्हा खोकल्याचं निमित्त करून अंगणात जाऊन हसणारा. आणि आज चारचौघांत माझ्यावर ओरडतो!

"वहिनी, काहून हात दाखवून अवलक्षण करता?" भाऊजी मागून म्हणाले.

मी दोन्ही हातांनी दोना उचलला. तो कलला, आणि बाहुली घसरून माझ्या तळहातावर आली.

कापड गडद निळं होतं. कडेला हातशिलाई होती, आणि ती हिरव्या दोऱ्याची होती. निळं रीळ संपलं म्हणून मी हिरव्या दोऱ्यानं बाही दुमडली होती. कोण बघतंय बाहीच्या आत, असं म्हणून. तो माझा रोजचा ब्लाउज होता. दोन दिवसांपासून दोरीवर सापडत नव्हता, वाऱ्यानं उडाला असेल म्हणून मी खालच्या गल्लीत शोधूनही आले होते. मग मी लिंबाकडे पाहिलं. उताऱ्याचं लिंबू लोक कसंही चिरतात. हे चार सारख्या फोडी केलेलं, बिया काढलेलं होतं. हे माझ्या पोह्यांवर पिळायला लिंबू देतात तेव्हा असंच कापतात.

मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शनिवारची दुपार मला तेव्हा आठवली. सोफ्यावर माझा डोळा लागला होता. जाग आली तर हे समोर उभे, हात मागे. काय झालं, विचारलं तर म्हणाले, माशी होती. संध्याकाळी दूध आणायला म्हणून गेले आणि दुधाशिवाय परत आले. मला वाटलं, काळजीनं विसरभोळे झालेत.

"उचललं बाप्पा वहिनीनं!" कोणीतरी म्हटलं. वरच्या मजल्यावरची सून टाळ्या वाजवू लागली. भाऊजी दोन्याकडे पाहत म्हणाले, "एक सांगतो, ज्यानं टाकला त्यानं पन्नी नाही वापरली. तेवढं तरी बरं."

कशी वापरेल पन्नी? माझ्या घरचा माणूस होता तो.

यांनी पोतं उचललं आणि नेहमीसारखं तोंड उघडं धरलं. मी दोना आत ठेवला, वर बाहुली ठेवली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग सगळे तळ्याकडे निघाले आणि मी नेहमीपेक्षा जास्त बडबड करत राहिले, कारण गप्प बसले असते तर तिथेच किंचाळले असते.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "डोक्यावरून आंघोळ कर."

मी केली. मग वाट पाहिली. वाटलं, आता हे बोलतील, चूक झाली म्हणतील, मी ओरडेन, हे ऐकून घेतील आणि घर पुन्हा आमच्यासारखं होईल. हे पेपर उलटासुलटा करत बसले. मीही विचारलं नाही. मीच का विचारायचं? ओट्याच्या कोपऱ्यात सांडलेली मोहरी होती, ती मी पुसली नाही, मुद्दाम राहू दिली. त्यांनी ती पाहिली आणि मी पाहिलंय हेही पाहिलं.

दुपारी पुरानी बस्तीतून नणंदेचा फोन आला. यांची मोठी बहीण. तिच्या मठ, मंत्र, गंडेदोऱ्यांना हे आयुष्यभर हातभर लांब ठेवत आले. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोनवर ओरडून बोलते, आणि मी स्वयंपाकघरात होते तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

"ठेवला का रे? जवळच्याच चौकात ना? मागं वळून तं नाही पाह्यलं?"

"नाही ताई."

"मंग झालं. आतापर्यंत ओलांडला असंल कोणी ना कोणी. तिची पिडा गेली आता त्याच्या मागं. तू बिनघोर राह्य."

हे म्हणाले, "हव ताई."

बहिणीशी यांना मी पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकत होते. फोन ठेवल्यावर हे तसेच खुर्चीत बसले. मी कणीक मळत होते. ती मी इतकी मळली की पोळ्या वातड झाल्या. आणि ह्यांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे गर्दी होती. आम्ही बाकावर बसलो, मध्ये माझी पर्स. माझा नंबर आला तेव्हा पर्स घेऊन मी उठले आणि हे माझ्या मागे, इतके जवळ की दोनदा माझ्या चपलेवर पाय पडला.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्यांनी आधी पाणी विचारलं. पाणी विचारलं तेव्हाच मी समजले.

"देखिए, गाँठ अच्छी वाली नहीं है," त्या म्हणाल्या. "पर जल्दी पकड़ में आ गई है. ऑपरेशन करेंगे, फिर दवाई चलेगी. आप ठीक होंगी. मैं यूँ ही नहीं कह रही हूँ."

मला वाटायचं, हे ऐकल्यावर मी खाली कोसळेन. तसं काही झालं नाही. मी ऑपरेशन कधी, किती दिवस राहावं लागेल, उजवा हात कधी चालेल, असं एकामागून एक विचारत गेले. माझाच आवाज मला शाळेतल्यासारखा ऐकू येत होता. डॉक्टरीणबाई उत्तरं देत होत्या. मग हे पहिल्यांदा बोलले.

"मॅडम, ये एक दिन में हो सकता है क्या?"

"क्या?"

"मतलब शनिवार तक सादी हो. और इतवार को..." यांना पुढे बोलता येईना. "इतवार को बदल गई हो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे. "नहीं भैया," त्या शांतपणे म्हणाल्या. "टुकड़ा तो हमने पिछले हफ़्ते निकाला था. जो था, तब भी यही था."

यांनी मान हलवली. पण मी या माणसाला ओळखते. त्यांच्या कानापर्यंत ते पोचलं होतं, आत गेलं नव्हतं.

बाहेर आलो. समता कॉलोनीतली दुपार, रस्त्यावर गाड्यांची ही दाटी, बाजूच्या दुकानात कोणीतरी मिक्सर चालवून पाहत होतं. यांनी स्कूटरला किल्ली लावली, ती लागेना. पुन्हा लावली. मग किल्ली तशीच हातात ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काहून उचलला तू? म्हटलं होतं ना, हात नको लावू. मी उचलत होतो ना."

झालं. कालपासून मी दातांखाली धरून ठेवलेलं सगळं सुटलं.

"मी काहून उचलला? मले विचारून राहिले? मी!" रस्त्यावरची माणसं पाहत होती, पाहू देत. "माझा ब्लाउज फाडला, मी झोपली असताना माझ्यावरून ओवाळलं, आणि नेऊन चौकात ठेवलं! तुमच्या ताईचं ऐकलं मी, सगळं ऐकलं. कोणी ना कोणी ओलांडंल म्हणे. कोण ओलांडणार होतं, सांगा ना मले! कोणाच्या अंगावर घालाले निघाले होते तुम्ही? त्या दीदीच्या? दूधवाल्या भैयाच्या? वरच्या पोट्टीच्या, तिचं लेकरू अजून अंगावर पितं! अहो, कोणाच्या?"

माझा आवाज फाटला. मला वाटलं, आता हे खाली पाहतील. आयुष्यभर हे खालीच पाहत आले. रांगेत कोणी पुढे घुसलं तरी 'जाऊ दे, घाई असंल' म्हणणारा माणूस. ऑफिसात कोणाचं पार्सल फुटलं, तर आपली चूक नसताना जाऊन माफी मागणारा. मुंगीवर पाय पडला तरी थांबून पाहणारा.

यांनी मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"कोणाच्या बी," हे म्हणाले. "तुले सोडून कोणाच्या बी. सगळं रायपूर ओलांडून गेलं असतं तरी चाललं असतं मले."

आजवर मी यांच्या तोंडून इतकं वाईट वाक्य ऐकलं नव्हतं. मला त्यांची लाज वाटायला हवी होती, रविवारी सकाळी लोकांना गोळा करून शहाणपण शिकवणारी बाई मी. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि गाठ सापडल्यापासून पहिल्यांदा रडले, आणि रडताना, देवाशपथ सांगते, मला फार फार बरं वाटत होतं.